फोटो कधीही होईल

खासदार मिन इनसन यांनी मंगळवारी सकाळी नऊ वाजता सात पानी पत्राचं चौथं पान पहिल्यांदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि दाराकडे बघून विचारलं, "प्यो साहेब, हे 'सलग' म्हणजे काय हो?"

प्यो दोक्सू हा मॅडमचा मुख्य सहायक. कोरियाच्या राष्ट्रीय सभेत, म्हणजे तिथल्या संसदेत, त्याची एकवीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात त्यानं पाच खासदार वापरले होते, किंवा पाच खासदारांनी त्याला वापरलं होतं. दोन्ही बाजूंनी झीज सारखीच होती. 'म्हणजे काय हो' अशी सुरुवात झालेला दिवस धड संपत नाही, एवढं ज्ञान त्याला त्यातून मिळालं होतं.

पत्र जागतिक हवामान परिषदेच्या मुख्य कचेरीतून आलं होतं. हवामान संकटाला परिषदेनं आणि राष्ट्रीय सभेनं मिळून तोंड द्यायचं, असा सहकार्याचा करार त्याच दिवशी दुपारी चारला व्हायचा होता. त्याआधी दोन वाजल्यापासून चर्चासत्र. पत्र तीन आठवडे मॅडमच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होतं.

प्योनं उभ्या उभ्याच कलम वाचलं. करार वैध ठरायचा तर किमान दहा खासदारांची उपस्थिती कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून सहीपर्यंत सलग हवी होती. डोकी मोजायला परिषदेची एक अधिकारी जातीनं येणार होती.

"म्हणजे दहा जणांनी दोन तास बसायचं, मॅडम."

"कुठं बसायचं?"

"खुर्चीवर."

"आणि काय करायचं?"

"ऐकायचं."

मॅडमनी चष्मा परत नाकावर घेतला. "सख्ख्या भावाच्या लग्नातून मी पंचवीस मिनिटांत निघाले होते," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं, पश्चात्तापही नव्हता.

त्यांची काळजी खरी होती. खासदारांच्या त्या इमारतीत रोज वीसेक चर्चासत्रं होतात आणि सगळी एका साच्यातली. आधी यजमानांचं स्वागत, मग थोरामोठ्यांच्या शुभेच्छा. थोर कोण, हे कितीदा निवडून आला त्यावर ठरतं. मग सगळ्यांनी हातात फलक धरून, मूठ उगारून 'फायटिंग!' म्हणजे 'होऊन जाऊ दे!' म्हणायचं, फोटो काढायचा आणि निघायचं. विषय सुरू होतो तो त्यानंतर. तेव्हा सभागृहात वक्ते असतात, वक्त्यांचे दोन नातेवाईक असतात आणि ज्याला डुलकी लागली म्हणून निघता आलं नाही असा एखादा असतो. यात कुणाला काही गैर वाटत नाही. फोटो झाला म्हणजे कार्यक्रम झाला, हे तिथलं लहान मूलही सांगेल.

"मॅडम, माझी उद्यापासूनची रजा..." प्योनं हळूच आठवण केली.

"करार झाला की रजा. नाही झाला तर पुढच्या बुधवारी सगळं परत जुळवायचं. मग तुम्ही इथं नसून कसं चालेल, तुम्हीच सांगा."

बायकोला, मीरानला, घेऊन उलुंगदो बेटावर जायचं प्योनं अकरा वर्षांपूर्वी कबूल केलं होतं. पहिल्यांदा पोटनिवडणूक आली. दुसऱ्यांदा सरकारी कामकाजाची तपासणी आली. तिसऱ्यांदा अर्थसंकल्प अडला आणि चौथ्यांदा तेव्हाच्या खासदारांच्या सासूबाई गेल्या. दर वेळी मीरान भांडली होती. या खेपेला मात्र त्यानं "उद्या नक्की" म्हटल्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली होती, आणि ते "बरं" त्याला सकाळपासून बोचत होतं. ती भांडली असती तर तो निर्धास्त राहिला असता.

बाहेर कचेरीत पेक ह्येजिन बसली होती. बारा वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर काम केलेली, जिभेला हाड नसलेली बाई. तिनं कलम वाचलं आणि पत्र दोन बोटांत धरून परत दिलं.

"सोप्पंय. दारं बाहेरून बंद करा."

"पेक बाई, मस्करी नको. मी ठरवलंय. फोटो शेवटी ठेवायचा. सहीनंतर."

"म्हणजे फोटोसाठी बसतील म्हणता?"

"फोटोसाठी माणसं पावसात उभी राहिलेली मी बघितलीत. ही तर गादीची खुर्ची आहे."

कार्यक्रमपत्रिका बदलली. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. शहाण्णव कचेऱ्यांना निमंत्रणं गेली होती आणि प्रत्येक कचेरीचा प्रश्न एकच होता. विषय काय, वक्ते कोण, करार कसला, हे कुणी चुकूनही विचारत नव्हतं.

"फोटो किती वाजता?"

"शेवटी आहे. सहीनंतर, चार वाजता."

"अस्सं. मग आमचे साहेब पावणेचारला येतील."

असे सात फोन झाल्यावर प्योनं डोकं टेबलावर टेकवलं. फोटो आधी ठेवला तर सगळे लवकर जाणार. शेवटी ठेवला तर सगळे उशिरा येणार. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पेकनं आपला मक्याचा चहा त्याच्याकडे सरकवला आणि वाजणारा आठवा फोन स्वतः उचलला.

"फोटो? अहो, ते काही सांगता येत नाही," ती गोड आवाजात म्हणाली. "परदेशी पाहुण्या आहेत ना, त्यांच्या मर्जीवर आहे. कधीही होईल. दोनला होईल, तीनला होईल. मागच्या एका देशात म्हणे भाषणाच्या मध्येच घेतला. हो हो. जे बसलेत ते आले, बाकीचे राहिले." तिनं फोन ठेवला. "आधीच्या सात जणांनाही कळवा. बदल झालाय म्हणून."

एकवीस वर्षांत प्योनं एवढी मोठी अक्कल एवढ्या शांतपणे खर्च झालेली पाहिली नव्हती.

दोन वाजता सभागृहात तेवीस खासदार होते. दोन्ही पक्षांचे, समोरासमोर. पक्षाची उमेदवारी जाहीर व्हायला दोन महिने उरले होते, आणि फोटोत विरोधक आहे पण आपण नाही, हे कुणालाच परवडणारं नव्हतं. कार्यक्रम हवामानाचा, म्हणून प्लॅस्टिकच्या बाटल्या बंद होत्या. प्रत्येकापुढे स्टीलचा पेला होता आणि प्रत्येक जण त्यात काय आहे ते वाकून बघत होता.

परिषदेची अधिकारी शेवटच्या रांगेत बसली. आइनो कोर्पेला नावाची उंच, फिनलंडची बाई. पूर्वेकडच्या देशांत चौदा वर्षं काढल्यानं तिला कोरियन चांगलं येत होतं. फक्त ती प्रत्येक वाक्य चढण चढल्यासारखं बोलायची. तिच्या मुठीत अंगठ्यानं दाबायचं मोजणीयंत्र होतं. तिनं ते तेवीस वेळा दाबलं, आकड्याकडे पाहिलं आणि सगळं पुसून पुन्हा तेवीस वेळा दाबलं.

फोटोग्राफर छोन काकांना पेकनं मुद्दाम पहिल्या रांगेसमोर स्टुलावर बसवलं होतं. काका दिवसाला तीस समूहफोटो काढत आणि त्यांच्या गुडघ्यांना ते आता कळायला लागलं होतं.

"मी नुसतं बसू? फोटो नको?" त्यांनी विचारलं.

"नुसतं बसा. मधूनमधून कॅमेरा उचला आणि परत ठेवा."

"आयुष्यात एवढं सोपं काम नाही मिळालं."

शुभेच्छांची भाषणं सात झाली. मिन मॅडमनी पृथ्वी एकच आहे असं सांगितलं. चार वेळा निवडून आलेले ह्वांगबो साहेब म्हणाले की पृथ्वी खरंच एकच आहे. विरोधी पक्षाच्या बोंग साहेबांनी पृथ्वी एक असल्याचं आपला पक्ष पहिल्यापासून म्हणत आला आहे, याकडे लक्ष वेधलं. तिसऱ्या भाषणात ह्वांगबो साहेब सवयीनं अर्धवट उठले. तेवढ्यात छोन काकांनी भिंग पुसायला कॅमेरा उचलला. तेवीसच्या तेवीस माणसांनी पाठ ताठ केली, फलक छातीशी धरले, आठ-दहा मुठी हवेत गेल्या. काकांनी भिंग पुसून कॅमेरा मांडीवर ठेवला. मुठी सावकाश खाली आल्या आणि ह्वांगबो साहेबही.

पावणेतीनला पेकनं माईकवरून मुख्य वक्त्यांना बोलावलं. डॉक्टर ग्वाक हे परिषदेच्या सोल कचेरीतले तज्ज्ञ. साठीला आलेले, खांदे पडलेले सद्गृहस्थ. ते लॅपटॉप घेऊन खाली बघत मंचावर गेले, तार जोडली, घसा साफ केला, मान वर केली आणि तशीच ठेवली.

सभागृह भरलेलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिलं. माणसं तिथंच होती. त्यांनी पहिली स्लाइड दाखवली, त्यावर नाव होतं. दुसरीवर तापलेली पृथ्वी, तिसरीवर बर्फावरचं अस्वल. चौथीवर देशाच्या तापमानाची चढती रेघ. ही रेघ ते फार सावकाश समजावू लागले. एक एक वर्ष घेऊ लागले. एकोणीसशे ब्याऐंशीवर पोचल्यावर त्यांनी हातानं खूण करून प्योला मंचाच्या कडेला बोलावलं आणि माईकवर तळवा ठेवला.

"अहो, ही माणसं का बसलीत?"

"ऐकायला, डॉक्टरसाहेब."

"कुणाचं?"

"तुमचं."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "प्यो साहेब, मी नऊ वर्षं हेच भाषण करतोय. चौथ्या स्लाइडपर्यंत खोली रिकामी होते. मग मी 'वेळेअभावी इथेच थांबतो' म्हणतो आणि कुणातरी वक्त्याचा चुलतभाऊ टाळ्या वाजवतो. पुढं काही नाहीये हो. मी केलंच नाही. सुरुवातीला होत्या एक्केचाळीस. कोण बघतंय म्हणून एकेक काढून टाकली."

"मग तीच ही वेळेअभावी..."

"पाऊण तास आहे अजून! ती बाई घड्याळाकडे बघतेय!"

कोर्पेला बाई खरंच बघत होत्या. प्योच्या डोळ्यांसमोरून उलुंगदोची बोट त्याला न घेता निघून गेली. "काहीही बोला," तो म्हणाला. "पण उभे राहा."

डॉक्टरांनी पुढचं बटण दाबलं. स्लाइड संपल्या होत्या, त्यामुळे पडद्यावर त्यांच्या लॅपटॉपचं मागचं चित्र आलं. त्यात डॉक्टर स्वतः होते. पायात रबरी बूट, डोक्यावर गवती टोपी, शेताच्या तुकड्यात उकिडवे बसलेले, आणि हातात एक काळा पडलेला, लिबलिबीत कोबी.

सभागृहात कुणीतरी खोकलं.

"हा कोबी आहे," डॉक्टर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "माझा आहे. शनिवार-रविवारी करतो थोडी शेती, नाम्यांगजूला. एकशेवीस रोपं लावली होती. हाती आली सहा."

कुणी हसलं नाही. नोव्हेंबर तोंडावर होता. वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आठ-दहा दिवसांवर आले होते आणि कोबी हा त्या दिवसांत चेष्टेचा विषय नसतो.

"माझे वडील ऑगस्ट संपता संपता रोपं लावायचे. मीही तेच केलं. तारीख तीच होती, पण तो ऑगस्ट नव्हता. सप्टेंबरभर उकाडा, मग पाऊस. कोबी बाहेरून चांगला दिसतो, आतून गाभा सडतो. चिरल्यावर कळतं."

"आमच्या सासूबाईंचाही अस्साच निघाला!" मिन मॅडम पहिल्या रांगेतून म्हणाल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांनी बोलायचं नव्हतं, पण त्यांना राहवलं नाही.

"मुळात जागाच चुकते तुमची," ह्वांगबो साहेब उठले. त्यांचा मतदारसंघ गांगवनच्या डोंगरात होता. "कोबी डोंगरावरचा. थंड हवेतला. खालच्या गरम मातीत कोबी करायचा म्हणजे म्हशीला उन्हात बांधण्यासारखं."

"डोंगरावर?" बोंग साहेब दक्षिणेच्या हेनामचे, तेही उठले. "साहेब, तुमच्या डोंगरावर यंदा निम्मी शेतं ओसाड पडलीत! तुमच्याच लोकांनी आमच्याकडून कोबी मागवला. आम्ही दिला. बोललो नाही, एवढंच."

"तुमच्या कोबीत पाणीच पाणी! किमची घातली की आठवड्यात सूप होतं."

"निदान किमची होते तरी. तुमच्याकडे मीठ आहे, मिरची आहे, लसूण आहे, कोबीचा पत्ता नाही!"

इतक्या वर्षांत प्योनं दोन पक्षांची भांडणं हजार ऐकली होती. पण खासदारानं कागद हातात न धरता भांडलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता. कुणी विचारलं, डोंगरावरचं तापमान किती वाढलं? डॉक्टरांनी पाठ असलेला आकडा सांगितला. कुणी विचारलं, मग पंचवीस वर्षांनी कोबी कुठं पिकेल? डॉक्टर फळ्याकडे गेले, खडूनं देशाचा नकाशा काढला आणि बाहीनं एक एक पट्टा पुसत वर गेले. शेवटी जे उरलं ते तळहाताएवढं होतं. सभागृह इतकं गप्प झालं की छोन काकांनी दचकून डोळे उघडले.

काढून टाकलेल्या सदतीस स्लाइड डॉक्टरांच्या डोक्यात तशाच होत्या. नऊ वर्षांत त्या माणसाला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता, आणि आता प्रश्नांना रांग लागली होती. त्यांचे खांदे वर आले होते. बाही खडूनं पांढरी झाली होती. प्योला त्यांच्याकडे बघून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आपल्याला नक्की कशासाठी वाईट वाटतंय, हे बघायला मात्र त्याला सवड नव्हती, कारण चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

पेकनं माईकवरून तीनदा सहीची वेळ झाल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा बोंग साहेबांनी तिला "जरा थांबा हो" म्हटलं. मिन मॅडम स्वतः फळ्यापाशी उभ्या राहून सासूबाईंचं गाव नकाशात शोधत होत्या.

कोर्पेला बाई कोटाची बटणं लावत प्योजवळ आल्या. "तेवीस," त्या म्हणाल्या. "दोन तास दहा मिनिटं. अकरा राजधान्यांत मोजलं मी. सगळ्यात चांगली राजधानी चहापर्यंत टिकली. तुम्ही यांना काय खायला घातलं?"

"काही नाही हो. मुळातच आवड आहे."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "साडेचारला माझी गाडी आहे. विमानतळाला जाणारी. सही त्याआधी झाली तर झाली."

झालं! सकाळपासून ज्यांना बसवायला जिवाचं रान केलं, त्यांना आता उठवायचं होतं. प्योनं मॅडमना खुणा केल्या, चिठ्ठी पाठवली, पंखा चालू-बंद केला. कुणी हललं नाही. शेवटी तो पेकला म्हणाला, "एकच इलाज आहे. फोटो."

"डोकं फिरलं का तुमचं? फोटो झाला की पळतील!"

"सहीचं टेबल चार पावलांवर आहे. फोटो झाल्या झाल्या मॅडमना खेचून खुर्चीवर बसवतो. वीस सेकंदांत सही होईल."

"ते अकरा सेकंदांत जातात. मी मोजलंय."

पण पाच मिनिटं उरली होती. प्योनं माईक घेतला आणि म्हणाला, "फोटो."

खुर्च्या मागं सरकल्या. अर्ध्या मिनिटात तेवीस माणसं ज्येष्ठतेनुसार दोन रांगांत उभी होती, कोबीचं भांडण ओठांवर तसंच ठेवून हसत होती. मध्ये डॉक्टर, शेजारी कोर्पेला बाई, हातात फलक. "फायटिंग!" काकांनी तीन फोटो काढले. आणि मग शरीराला जी सवय लागलेली असते ती लागलेलीच असते. प्यो मिन मॅडमच्या कोपराला धरून टेबलापर्यंत पोचला, पेन उघडून त्यांच्या हातात दिलं, वळून पाहिलं, तर सभागृहात मॅडम होत्या आणि मागच्या रांगेत फोटोलाही जागे न झालेले एक वयस्कर खासदार होते. छोन काकासुद्धा पुढच्या कार्यक्रमाला गेले होते.

कोर्पेला बाईंच्या अंगठ्यानं दोनदा टिकटिक केलं.

"दोन," त्या म्हणाल्या आणि खिन्नपणे वही मिटली. त्या चिडल्या असत्या तर प्योला वाद घालता आला असता. त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या, आणि थकलेल्या माणसाशी वाद घालायचं त्याच्या जिवावर आलं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. "पाणीच पाणी? माझ्या घरी या, खाऊन बघा आणि मग बोला!"

प्यो दाराशी धावला. कॉरिडॉरमध्ये लिफ्टसमोर सगळा घोळका उभा होता. लिफ्ट वर अडकली होती आणि कोबी खाली पेटला होता.

"पेक बाई, टेबल धरा!"

"काय?"

"धरा म्हणतो ना!"

करार, दोन पेनं, दोन झेंडे आणि एक स्टीलचा पेला यांसकट त्यांनी टेबल दारातून तिरपं करून बाहेर काढलं. मागून मॅडम पेन घेऊन धावत आल्या, त्यांच्या मागून कोर्पेला बाई लांब टांगा टाकत आल्या. कॉरिडॉरमध्ये त्यांनी मोजलं. "चौदा."

"पण बाई, हे काही सभागृह नाही..." मॅडमच बोलून गेल्या. प्योनं डोळे मिटले.

"नियमात 'उपस्थिती' लिहिलंय," कोर्पेला बाई म्हणाल्या. "खोली लिहिलेली नाही. नियम मीच लिहिलाय."

लिफ्ट आली. तिघं आत गेले. बाईंच्या ओठांवर "अकरा" उमटलं. आणखी एक पाय आत पडणार तोच ह्वांगबो साहेबांनी मुद्दा पुरा करायला दारात बूट घातला आणि दार परत उघडलं. मॅडमनी सही केली. बोंग साहेबांनी तावातावानं हात आपटला तो करारावरच, त्यामुळे कागद उडाला नाही आणि बाईंचीही सही नीट झाली. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. अकरा साक्षीदारांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. लिफ्टबरोबर भांडणही खाली गेलं.

कोर्पेला बाई गाडीत बसून निघून गेल्या. मॅडम रिकाम्या कॉरिडॉरमध्ये टेबलाला टेकून उभ्या होत्या.

"प्यो साहेब, सही करतानाचा फोटो?"

"नाही, मॅडम. काका गेले होते."

"मग झालं असं कसं म्हणायचं?"

प्योनं फोनवर काकांनी पाठवलेला समूहफोटो दाखवला. मॅडम मधोमध होत्या, मूठ छान आली होती, आणि विरोधी पक्षाचे दोघे अर्धे कापले गेले होते. त्यांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. "असू दे," त्या म्हणाल्या. "सही काय, सही कोण बघतंय." मग त्यांनी खरोखरच रजेच्या अर्जावर शिक्का मारला. चार दिवस. बुधवार ते शनिवार.

सात वाजता प्यो घराच्या दारात उभा होता. हातात अर्ज होता. घडी पडू नये म्हणून बसमध्ये त्यानं तो पुठ्ठ्यात धरला होता. एकवीस वर्षांत त्याला जिंकल्यासारखं पहिल्यांदा वाटत होतं आणि कुणाला तरी ते सांगावंसं वाटत होतं.

दार उघडलं आणि वास आला.

हाडांच्या सुपाचा वास. दिवसभर मंद आचेवर उकळलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या सुपाचा. सोलमधला कुठलाही संसारी पुरुष हा वास ओळखतो. बायको हे सूप मोठ्या पातेल्यात मांडते ते एकाच कारणासाठी: ती काही दिवस घरात नसणार आणि नवऱ्यानं सकाळ-संध्याकाळ तेच गरम करून खायचं.

खोलीत मीरान बॅगेची साखळी ओढत होती. शेजारी तिची थोरली बहीण, डोक्यावर नवी उन्हाची टोपी घालून, बॅगेवर बसून वजन देत होती.

"अहो, आज लवकर?" मीरान म्हणाली.

"रजा मिळाली." त्यानं पुठ्ठा पुढं केला. "शिक्का मारून. चार दिवस."

दोघी बहिणींनी अर्ज वाचला. मग त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"तुमचं तिकीट मी सोमवारीच ताईच्या नावावर केलं," मीरान म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मला वाटलं... म्हणजे, दर वेळी... बोटीत आता जागा नाही हो. मी विचारलं होतं ताईसाठी, तेव्हाच एकही शिल्लक नव्हती."

"मी नाही जात," थोरली बहीण टोपी काढू लागली.

"नाही, नाही, ताई. तुम्ही जा," प्यो म्हणाला. "तुमची बॅग भरून झालीय."

तो स्वयंपाकघरात गेला. पातेलं शेगडीवर होतं आणि ते घरातलं सगळ्यात मोठं पातेलं होतं. मीरान मागून आली आणि तिनं एकदा त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"पुढच्या वेळी नक्की," ती म्हणाली.

"बरं," प्यो म्हणाला.

"कांद्याची पात चिरून डब्यात ठेवलीय. मीठ खाताना घाला, आधी घालू नका. आणि चार दिवस पुरेल, काळजी करू नका."